मरणोत्तर जीवन

शारीरिक मृत्यूनंतरही माणसाचे किंवा त्याच्यातील एखाद्या अंशाचे अस्तित्व कोणत्या ना कोणत्या स्वरूपात चालू राहते, अशी धारणा. बहुतेक सर्व धर्मांत ती आढळते. मात्र तिचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. या धारणेचा तौलनिक विचार करताना चार प्रश्न वेगळे ठेवणे उपयुक्त ठरते : (१) मृत्यूनंतर नेमके काय उरते? (२) ते कोठे जाते? (३) त्याची गती कोणत्या नियमाने ठरते? (४) मागे राहिलेल्यांना मृतासाठी काही करता येते काय? एखाद्या धर्माने एका प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच धर्मातील दुसऱ्या उत्तराशी नेहमीच जुळते असे नाही. पुष्कळ धार्मिक वादांचा उगम या विसंगतीतच झालेला आहे.

‘आत्मा’ या शब्दाचा अर्थही सर्व परंपरांत एक नाही. उपनिषदांतील आत्मा, जैनांचा जीव, हिब्रू भाषेतील नेफेश, ग्रीक भाषेतील प्स्यूके आणि अरबी भाषेतील रूह व नफ्स यांचा मराठीत सरसकट ‘आत्मा’ असा अनुवाद केला जातो. तथापि नेफेश म्हणजे मुळात श्वास घेणारा सजीव देहच होय, तर उपनिषदांतील आत्मा देहाहून सर्वस्वी भिन्न आहे. बौद्ध मताने तर नित्य आत्मा नाहीच. तरीही त्यात पुनर्जन्म मानला आहे. यावरून मरणोत्तर जीवनावरील श्रद्धा आणि आत्म्यावरील श्रद्धा या एकच नव्हेत, हे स्पष्ट होते.

पुरातत्त्वीय पुरावा : इझ्राएलमधील काफ्झे येथील गुहेत सु. एक लाख वर्षांपूर्वीची दफने सापडली असून त्यांच्याबरोबर तांबड्या गेरूचे तुकडे मिळाले आहेत. अशा दफनांवरून मृताविषयीची आस्था दिसते. परलोकाची निश्चित कल्पना होतीच, असे मात्र त्यांवरून म्हणता येत नाही. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे विस्तृत उत्खनन झाले. तेथे मृत बालके दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांच्या अनेक सांगाड्यांची पावले घोट्याजवळ तोडलेली आढळली. मृताने परत येऊ नये म्हणून असे केले असावे, असे संशोधकांनी सुचविले आहे. मूल घराबाहेर जाऊ नये आणि प्रौढाने घरात परतू नये, अशा दोन परस्परविरुद्ध भावना एकाच वस्तीत नांदत असाव्यात. विदर्भातील माहूरझरी, जुनापाणी इ. ठिकाणच्या महापाषाणीय शिलावर्तुळांत लोखंडी हत्यारे, मृद्भांडी आणि काही ठिकाणी अलंकारांसह घोड्यांचे अवशेषही मिळाले आहेत. गोंड, माडिया इ. जमातींत मृताच्या स्मरणार्थ दगड उभारण्याची प्रथा अलीकडच्या काळापर्यंत टिकून राहिली आहे.

प्राचीन ईजिप्त व पश्चिम आशिया : परलोकाचा सर्वांत तपशीलवार विचार प्राचीन ईजिप्तमध्ये झाला. तेथे मनुष्य अनेक घटकांचा बनलेला मानीत. ‘का’ ही जीवनशक्ती असून तिला मृत्यूनंतरही अन्न लागे. ‘बा’ हा मानवी मस्तक असलेल्या पक्ष्याच्या रूपात थडग्यातून ये-जा करी. दोहोंना आश्रय हवा म्हणून शव टिकविणे आवश्यक ठरे. मृतासाठीचे मंत्र प्रथम पाचव्या राजवंशातील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये (इ. स. पू. सु. २३५०) कोरले गेले. आरंभी राजापुरता असलेला हा अधिकार पुढे सरदारांना आणि नंतर ज्याला पपायरसच्या गुंडाळीची किंमत परवडेल, अशा कोणालाही मिळू लागला. या गुंडाळ्यांतील मंत्रसंग्रहास मृतांचा ग्रंथ असे म्हणतात. त्यातील चित्रांनुसार ओसायरिसच्या दरबारात मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि मात या सत्यदेवतेचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवतात. अनूबिस तोलतो, थॉथ नोंद करतो आणि अपात्र ठरलेले हृदय अम्मित नावाचा संमिश्र देहाचा प्राणी गिळून टाकतो. मृत व्यक्ती बेचाळीस देवतांपुढे आपण अमुक पापे केलेली नाहीत, असे निवेदन करते. याच संग्रहात, हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये यासाठीही एक मंत्र आहे आणि तो भुंग्याच्या आकाराच्या ताइतावर कोरून शवाच्या छातीवर ठेवीत. नीतीने ठरणारी गती आणि मंत्राने टाळता येणारा न्याय या दोन्ही कल्पना येथे शेजारी शेजारी नांदतात. पुढील अनेक धर्मांतही त्या तशाच आढळतात.

मेसोपोटेमियात असा न्यायनिवाडा नव्हता. सर्व मृत धुळीने भरलेल्या अंधाऱ्या लोकात जात आणि त्यांचे सुखदुःख मागे राहिलेल्या मुलाबाळांनी दिलेल्या अन्नपाण्यावर अवलंबून राही. गिलगामेशच्या महाकाव्याचा विषयच अमरत्वाचा शोध आणि त्यात आलेले अपयश हा आहे. होमरच्या काव्यांतील हेडीझ व हिब्रू बायबलच्या जुन्या भागांतील शेओल हे लोकही असेच छायामय व नीतिनिरपेक्ष आहेत.

ग्रीक विचार : ग्रीसमध्ये ऑर्फिक पंथ व पायथॅगोरस (इ. स. पू. सहावे शतक) यांनी आत्म्याच्या देहांतराची कल्पना मांडली. प्लेटोने फीडो या संवादात आत्म्याचे अमरत्व युक्तिवादाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला आणि रिपब्लिकच्या शेवटी एर या योद्ध्याची कथा सांगितली. तीत मृतात्मे आपला पुढील जन्म स्वतः निवडतात व त्या निवडीचा दोष देवाकडे जात नाही. ॲरिस्टॉटलने आत्मा हे सजीव देहाचे रूपतत्त्व मानल्यामुळे देहाविना व्यक्ती उरण्याची शक्यता संशयास्पद ठरली. एपिक्यूरसच्या मते आत्मा अणूंचाच बनलेला असून मृत्यूबरोबर तो विखुरतो. आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, म्हणून त्याचे भय निराधार होय.

वैदिक व हिंदू विचार : ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा मरण पावलेला पहिला मर्त्य असून त्याने पितरांचा मार्ग शोधून काढला, असे वर्णन आहे. मृताचा डोळा सूर्याकडे, प्राण वायूकडे आणि अवयव वनस्पतींकडे जावेत, अशी प्रार्थना त्यात येते. त्याच मंडलात मृताला मृदुपणे झाकून घेण्याविषयी भूमीची विनवणीही आहे. म्हणजे दहन व दफन या दोन्ही विधींची स्मृती त्यात जपली गेली आहे. पुनर्जन्माचा सिद्धांत ऋग्वेदात स्पष्ट नाही. ब्राह्मणग्रंथांत परलोकातही पुन्हा मरावे लागते, अशी ‘पुनर्मृत्यू’ची भीती प्रकट होते आणि तीतूनच पुढील विचाराला दिशा मिळाली असावी.

बृहदारण्यकोपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, की मृताची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळा सूर्यात विलीन झाल्यावर तो पुरुष राहतो कोठे? याज्ञवल्क्य सभेत उत्तर न देता त्याचा हात धरून त्याला बाजूस नेतो. दोघे जे बोलले ते कर्माविषयी होते, एवढेच उपनिषद सांगते. त्याच उपनिषदात गवताच्या पात्याच्या टोकाशी येऊन दुसरे पाते धरणाऱ्या अळीचा दृष्टांत देहांतरासाठी योजिला आहे. छांदोग्योपनिषदात पांचाल राजा प्रवाहण जैवली पंचाग्निविद्या व देवयान-पितृयाण हे दोन मार्ग सांगतो आणि ही विद्या यापूर्वी ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती, असेही नमूद करतो. कठोपनिषदात तर मरणोत्तर अस्तित्वाविषयीचा संशय नचिकेता प्रत्यक्ष यमापुढेच मांडतो.

जन्मांतरी काय जाते, याचे उत्तर दर्शनांनी वेगवेगळे दिले. सांख्यांच्या मते बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रिये व पाच तन्मात्रे या अठरा तत्त्वांचे लिंगशरीर संस्कारांसह संक्रमण करते. पुरुष हा अलिप्तच राहतो. न्यायदर्शनानुसार मोक्षावस्थेत आत्म्याला सुख, दुःख व ज्ञान यांपैकी काहीच नसते. अद्वैत वेदान्तात संसरण करणारा जीव हा अविद्येमुळे भासणारा असून ज्ञानाने ब्रह्मैक्य प्रकट होते; रामानुजांच्या मते मुक्तावस्थेतही जीवाचे वेगळेपण टिकते. मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग कल्पून काही जीव नित्य अंधकारालाच पात्र असल्याचे मानले. हिंदू परंपरेत हे मत अपवादात्मक होय. कारण पुराणांतील नरक सामान्यतः मर्यादित मुदतीचेच असतात.

श्राद्ध व पुनर्जन्म : कर्मसिद्धांत दृढ झाल्यावरही पितरांना पिंड देण्याचा जुना विधी नाहीसा झाला नाही. मृत व्यक्ती प्रथम ‘प्रेत’ असते, दहा दिवसांच्या पिंडांनी तिला यातना-देह प्राप्त होतो आणि सपिंडीकरणानंतर ती ‘पितर’ होते, अशी गरुडपुराणादी ग्रंथांतील व्यवस्था आहे. महाराष्ट्रात दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहतात. तो शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली असे समजून आप्त ती पुरी करण्याचे वचन देतात आणि अखेर दर्भाचा कावळा करून विधी संपवितात. मृत व्यक्ती कर्मानुसार पुन्हा जन्मली असेल, तर पिंड कोणाला पोचतो, हा आक्षेप चार्वाकांनी घेतला. एकाने जेवल्याने दुसऱ्याचे पोट भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात दिला आहे. दिलेले अन्न पितराच्या नव्या योनीला अनुरूप होऊन, म्हणजे देवाला अमृत, पशूला गवत या रूपाने मिळते, असे उत्तर पुराणांनी दिले. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर समाधानकारक असो वा नसो, त्यावरून दोन भिन्न गरजा स्पष्ट होतात : प्रत्येकाला आपल्या कर्माचे फळ मिळावे ही न्यायाची गरज आणि गेलेल्या माणसासाठी आपल्या हातून काही व्हावे ही शोकाची गरज.

महाराष्ट्रातील विचार : तेराव्या शतकात चक्रधरांनी प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार नित्य पदार्थ मानले आहेत. देवतांच्या उपासनेने मिळणारी फळे नाशवंत असून मोक्ष केवळ परमेश्वरच देऊ शकतो, असे हा पंथ मानतो. वारकरी संतांनी कर्म व पुनर्जन्म स्वीकारले. परंतु मोक्ष हेच अंतिम साध्य, या दर्शनांच्या गृहीताला त्यांनी वेगळे वळण दिले. भक्तीचे सुख घेता यावे म्हणून पुन्हा जन्म मिळाला तरी चालेल, ही भावना नामदेव-तुकारामांच्या अभंगांत वारंवार येते. ज्या संसारचक्रातून सुटण्यासाठी दर्शने निर्माण झाली, तेच येथे भक्तीच्या संधीचे रूप घेते. एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुले यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने (१८७३) ब्राह्मण पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून विधी करण्याचा पुरस्कार केला. परलोकात कोणाच्या हातून काय पोचते, हा प्रश्न त्यामुळे सामाजिक अधिकाराचा प्रश्न बनला.

जैन व बौद्ध मते : जैन मतानुसार जीव नित्य, अनंत व देहपरिमाण आहेत, तोच जीव मुंगीच्या देहात मुंगीएवढा व हत्तीच्या देहात हत्तीएवढा होतो. कर्म हे सूक्ष्म पुद्गलद्रव्य असून ते जीवाला चिकटते. मृत्यूनंतर जीव तैजस व कार्मण या दोन सूक्ष्म शरीरांसह अत्यल्प काळात, जास्तीत जास्त तीन वळणे घेऊन, नव्या जन्मस्थानी पोचतो. देव, मनुष्य, तिर्यंच व नारक अशा चार गती आहेत. मध्ये वाट पाहणारे प्रेत नसल्यामुळे पिंडदानाला जैन सिद्धांतात स्थान उरत नाही. कर्ममुक्त जीव लोकाकाशाच्या शिखरावरील सिद्धशिलेवर कायमचा राहतो. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्यासाठी अन्न क्रमशः सोडण्याच्या सल्लेखना या व्रतास राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ च्या ऑगस्टमध्ये आत्महत्येसमान ठरविले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. देह व जीव यांच्या संबंधाविषयीची धार्मिक समजूत आणि जीविताच्या संरक्षणाचा कायदा यांतील तणाव या प्रकरणी उघड झाला.

बौद्ध मतानुसार व्यक्ती ही रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांचा सतत बदलणारा प्रवाह आहे. मग पुनर्जन्म कोणाचा? मिलिंदपञ्हात नागसेन हा भिक्षू ग्रीक राजा मिलिंद (मिनँडर) यास उत्तर देतो, की रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत व शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नसते आणि वेगळीही नसते. पुढील जन्मीची व्यक्ती पूर्वीची तीच नव्हे व अन्यही नव्हे; तरी कार्यकारणाची साखळी न तुटल्याने जबाबदारी टिकते. हे उत्तर सर्व बौद्धांना पुरेसे वाटले नाही. पुद्गलवादी पंथांनी स्कंधांहून भिन्न वा अभिन्न असे सांगता न येणारे ‘पुद्गल’ मानले. दोन जन्मांच्या मध्ये अंतराभव नावाची अवस्था असते, असे सर्वास्तिवादी मानीत, तर थेरवादी नाकारीत. तिबेटात या कल्पनेचा मोठा विस्तार होऊन एकोणपन्नास दिवसांपर्यंतच्या मधल्या अवस्थेत मृताला मार्गदर्शन करणारे ग्रंथ वाचण्याची प्रथा पडली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतराच्या वेळी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. द बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथात त्यांनी, पुनर्जन्म म्हणजे आत्म्याचे स्थलांतर नव्हे; मृत्यूनंतर देहघटक विश्वातील तत्सम द्रव्यांत मिसळतात व त्यांतून पुनर्निर्मिती होते, असा अर्थ लावला. गेल्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी हीन स्थिती प्राप्त झाली, हे स्पष्टीकरण अस्पृश्यतेचे समर्थन करण्यास वापरले गेले होते. या पुनर्विचारामागे त्याला नकार देण्याची प्रेरणा होती. मरणोत्तर जीवनाचा सिद्धांत जिवंत माणसांच्या प्रतिष्ठेवर कसा परिणाम करतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

पारशी धर्म : जरथुश्त्री परंपरेत मृताचा उर्वन् (आत्मा) तीन रात्री देहाजवळ थांबतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत् पुलावर येतो. तेथे मिथ्र, स्रओश व रश्नू यांच्यापुढे त्याच्या विचार, उच्चार व आचार यांचा निवाडा होतो. त्याची दएना, म्हणजे अंतःप्रकृती, सदाचाऱ्याला सुंदर तरुणीच्या, तर दुराचाऱ्याला कुरूप स्त्रीच्या रूपाने भेटते; म्हणजे माणसाला परलोकात स्वतःचेच रूप दिसते. पुण्यवानासाठी पूल रुंद, पापी माणसासाठी धारेसारखा अरुंद होतो. ज्यांचे पापपुण्य समान, त्यांच्यासाठी हमिस्तगान हे मधले स्थान आहे. नरक शाश्वत नाही. जगाच्या अंती सओश्यंत या त्रात्याच्या आगमनानंतर मृत उठतात, वितळलेल्या धातूच्या प्रवाहातून सर्व शुद्ध होतात आणि दुष्ट शक्तींचा अंत होतो.

मृतदेहाने अग्नी, पाणी व भूमी दूषित होऊ नये म्हणून तो दख्म्यात गिधाडांसाठी ठेवण्याची रीत पडली. १९९० नंतर भारतातील गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यास कारणीभूत असल्याचे २००४ पर्यंत निश्चित झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर भारतात बंदी आली. तथापि मुंबईतील पारशी समाजापुढे मूलभूत प्रश्न उभा राहिला. सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसविण्यात आली, तर समाजातील काहींनी दहनाचा मार्ग पत्करला व २०१५ मध्ये वरळी येथील स्मशानभूमीत प्रार्थनागृह उपलब्ध झाले. दहन केलेल्यांसाठी चौथ्या दिवसाचे विधी करावेत की नाही, यावर तीव्र मतभेद झाले.

यहुदी धर्म : मृतांच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख हिब्रू बायबलमध्ये प्रथम दानिएलच्या ग्रंथात (इ. स. पू. दुसरे शतक) येतो. धर्मासाठी छळ सोसून मेलेल्यांना न्याय कधी मिळणार, या प्रश्नाशी त्याचा निकट संबंध आहे. फरिसी पंथाने ही कल्पना स्वीकारली, सदूकी पंथाने नाकारली. मायमॉनिडीझने (११३८–१२०४) आपल्या तेरा श्रद्धातत्त्वांत पुनरुत्थानाला शेवटचे स्थान दिले. १८८५ मध्ये अमेरिकेतील सुधारणावाद्यांनी पिट्सबर्ग येथील जाहीरनाम्यात देहाचे पुनरुत्थान अमान्य करून केवळ आत्म्याचे अमरत्व मान्य केले. मृत मातापित्यांसाठी मुले कद्दीश ही प्रार्थना अकरा महिने म्हणतात. पापी माणसाचा निवाडा बारा महिने चालतो, अशी जुनी समजूत आहे. आपले मातापिता पूर्ण मुदतीची शिक्षा भोगण्याइतके पापी होते असे सुचू नये, म्हणून हा काळ एका महिन्याने कमी केलेला आहे.

ख्रिस्ती धर्म : येशूचे पुनरुत्थान हा या धर्माचा पाया असून प्रत्येकाचे पुनरुत्थान हे त्यातूनच अपेक्षित आहे. सेंट पॉलने पुनरुत्थित देहाला पेरलेल्या बीजातून उगवणाऱ्या रोपाची उपमा दिली. ग्रीक प्रभावामुळे अमर आत्म्याची कल्पना या अपेक्षेत मिसळली. परिणामी मृत्यू व अंतिम न्याय यांच्या दरम्यान आत्म्याची अवस्था कोणती, हा प्रश्न निर्माण झाला. टॉमस अक्वाय्नसने आत्मा देहाविना टिकतो, पण तो पूर्ण व्यक्ती नव्हे, असे सांगून पुनरुत्थानाची आवश्यकता राखली. शुद्धिस्थानाची कल्पना लीआँ (१२७४), फ्लॉरेन्स (१४३९) व ट्रेंट (१५६३) येथील धर्मपरिषदांत निश्चित झाली. तेथील आत्म्यांना प्रार्थनेने साहाय्य करता येते, अशी श्रद्धा असून २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी पाळला जातो. याच श्रद्धेच्या आधारे क्षमापत्रांची विक्री सुरू झाल्यावर मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपले पंच्याण्णव सिद्धांत मांडले. पुढे प्रॉटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थान नाकारले आणि त्याबरोबर मृतांसाठी काही करण्याचा पूर्वापार मार्गही बहुतांशी बंद झाला.

बाप्तिस्मा होण्यापूर्वी मरण पावलेल्या बालकांची गती हा विशेष वेदनादायक प्रश्न होता. ऑगस्टीनने त्यांनाही सौम्य का होईना, शिक्षा मानली. मध्ययुगीन विद्वानांनी दुःखरहित ‘लिंबो’ची कल्पना केली. ती अधिकृत सिद्धांत म्हणून कधीच घोषित झाली नाही. कॅथलिक धर्मपीठाच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा बालकांच्या उद्धाराची आशा बाळगण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले. दहनाला कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये सशर्त परवानगी दिली. मात्र रक्षा विखुरण्यास २०१६ च्या सूचनापत्राने मनाई केली.

इस्लाम : कुराणात पुनरुत्थान व अंतिम न्याय यांचे वर्णन वारंवार येते. हाडे पुन्हा कशी जुळतील, या शंकेला, ज्याने प्रथम निर्माण केले त्याला ते अशक्य नाही, असे उत्तर दिलेले आहे. मृत्यू व कयामत यांमधील अवस्थेला बरझख म्हणतात; मुनकर व नकीर हे फिरिस्ते कबरीत मृताला प्रश्न विचारतात, अशी परंपरा आहे. कयामतीच्या दिवशी कर्मांची वही सदाचाऱ्याच्या उजव्या व दुराचाऱ्याच्या डाव्या हातात दिली जाते आणि मीझान या तराजूत कर्मे तोलली जातात. इब्न सीनाने आत्म्याचे अमरत्व तर्काने मांडले. परंतु तत्त्वज्ञ देहाचे पुनरुत्थान नाकारतात, हा अल्-गझालीने (१०५८–११११) त्यांच्यावर केलेल्या तीन गंभीर आरोपांपैकी एक होता. सूफी परंपरेत संताचा मृत्यू म्हणजे ईश्वराशी मीलन; म्हणून त्याच्या पुण्यतिथीस अरबीत ‘उर्स’, म्हणजे विवाहोत्सव, म्हणतात. मराठीतील ‘उरूस’ हा शब्द त्यावरूनच आला असून महाराष्ट्रातील अनेक दर्ग्यांच्या उरुसांत हिंदूही सहभागी होतात.

इतर परंपरा : शीख धर्मात कर्म व पुनर्जन्म मान्य असले, तरी मुक्ती ईश्वरकृपेने मिळते आणि ती जिवंतपणीही शक्य आहे, यावर भर आहे. चीनमध्ये माणसात हुन व पो असे दोन आत्मांश मानीत. मृत्यूनंतर हुन वर जाई व पो भूमीत राही. कन्फ्यूशसने परलोकाविषयी मतप्रदर्शन टाळून जीवनाच्या आकलनाला अग्रक्रम दिला. तथापि पितृपूजा हा चिनी कुटुंबव्यवस्थेचा आधार राहिला. बौद्ध धर्माच्या प्रसारानंतर दहा राजांच्या न्यायालयांची कल्पना तेथे रूढ झाली. या दरबारांत नोंदवह्या, कारकून व साक्षीदार असा सर्व सरकारी सरंजाम असतो. हिंदू कल्पनेतील चित्रगुप्ताची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे.

तात्त्विक प्रश्न : मरणोत्तर जीवनाच्या सर्व सिद्धांतांपुढील मुख्य अडचण व्यक्तीच्या एकतेची आहे. फळ भोगणारा तोच नसेल, तर न्याय होत नाही. आणि तो तोच आहे हे कशावरून? जॉन लॉकने व्यक्तीची एकता स्मृतीवर आधारली. या कसोटीनुसार पूर्वजन्माची आठवण नसताना त्याची शिक्षा भोगणे अन्याय्य ठरते. संस्कार टिकतात, आठवण नव्हे, असे भारतीय दर्शने म्हणतात. पुनरुत्थानवादी देहाची एकता मानतात. पण विखुरलेल्या द्रव्यातून घडलेला देह मूळचाच की त्याची प्रतिकृती, हा प्रश्न उरतो. कांटने आत्म्याचे अमरत्व सिद्ध करता येत नाही असे दाखवून, नैतिक जीवनाचे गृहीतक म्हणून मात्र (१७८८) त्याचा स्वीकार केला.

आधुनिक संशोधन : लंडन येथे १८८२ मध्ये अतींद्रिय घटनांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली. व्हर्जिनिया विद्यापीठातील इयान स्टीव्हन्सन (१९१८–२००७) यांनी पूर्वजन्म आठवत असल्याचे सांगणाऱ्या मुलांच्या, त्यांत भारतातीलही, अनेक प्रकरणांच्या नोंदी केल्या. त्यांचा पहिला ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. साक्षींतील संस्कृतिजन्य अपेक्षा व नोंदी होण्यापूर्वी झालेले माहितीचे आदानप्रदान यांमुळे हा पुरावा निर्णायक मानला जात नाही. मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्यांचे अनुभव १९७५ नंतर विशेष चर्चेत आले. ते मेंदूतील बदलांनी स्पष्ट करता येतात काय, हा विवाद्य विषय आहे. दुसरीकडे मृत्यूची व्याख्याच बदलली आहे. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू अवयवदानाच्या संदर्भात मान्य केला. त्यामुळे हृदय चालू असताना माणूस गेला असे मानायचे की नाही, हा एकेकाळी धर्मशास्त्राचा असलेला प्रश्न आता रुग्णालयातील आप्तांपुढे येऊन ठेपला आहे.

वरील विवेचनावरून असे दिसते, की मरणोत्तर जीवनाच्या कल्पना दोन हेतूंनी घडत गेल्या : या जगात अपुरा राहिलेला न्याय पुरा व्हावा आणि मृताशी असलेला संबंध एकाएकी तुटू नये. पहिला हेतू व्यक्तीला एकाकी व जबाबदार करतो. दुसरा तिला कुळाशी व समाजाशी जोडून ठेवतो. तराजू, पूल व कर्म ही पहिल्याची रूपे होत. पिंड, कद्दीश व शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी केलेली प्रार्थना ही दुसऱ्याची. काही धर्मसुधारणांनी पहिल्याच्या नावाने दुसऱ्यावर बंधने आणली. तरी लोकांच्या आचारात दोन्ही टिकून राहिली आहेत.